डालग्यावरची साडी

माझी सून बावधनला राहते. तिच्याकडे कपडे वाळवायचं मशीन आहे आणि त्यात ती एक सुगंधी कागद टाकते. कपडे मऊ निघतात, त्यांना कसल्याशा फुलांचा वास येतो. कसल्या फुलांचा, ते तिलाही सांगता येत नाही. मला एकदा म्हणाली, "आई, तुम्ही गावाला पावसात काय करायचात?" काय करणार, डोंबल. आमच्या माले गावात पाऊस बसला की दसऱ्यापर्यंत हलायचा नाही. दोरीवरचं लुगडं दोरीवरच आंबायचं.

कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं असतं ना, तसलं एक कपड्यांसाठी वेगळं ठेवलेलं असायचं. घमेल्यात निखारे घ्यायचे, त्यावर राख भुरभुरायची, वर डालगं उपडं घालायचं आणि त्याच्यावर ओलं कापड पसरायचं. राख कमी पडली तर कापडाला भोक आणि जास्त झाली तर नुसतीच वाफ. कापड वाळायचं, पण ओल्या लाकडाचा धूर त्यात मुरायचा. म्हणून निखाऱ्यावर निरगुडीचा पाला नाहीतर वाळ्याची मुळं टाकायची. रिठ्यात धुतलेली सुती साडी अशी शेकली की अंगाला मऊ लागायची आणि कुबट वासही जायचा.

तान्ह्या मुलाच्या दुपट्यांची धुरी मात्र निराळी. तिच्यात ओवा, बाळंतशोपा, लसणाच्या साली आणि चिमूटभर धूप. तो वास दुसऱ्या कशालाच येत नाही. दारावरून जाणाऱ्या बाईनं आत न डोकावता सांगावं, ह्या घरात बाळंतीण आहे.

एका वर्षी पावसात आमच्या घरात ती बाळंतीण मी होते. पहिलीच वेळ, मुलगी झाली होती. महिनाही भरला नव्हता तेव्हा तिला ताप चढला. पौडच्या दवाखान्यात न्यायला निघालो तर ओढ्याला पाणी. पाणी उतरायची वाट बघत अलीकडच्या काठावर बसून राहिलो आणि ती माझ्या मांडीवरच गेली. तिचं नावही ठेवलेलं नव्हतं. थोड्या दिवसांनी मी भाताच्या बेणणीला, तण काढायला, जायला लागले. बाळंतिणीनं एवढ्यात चिखलात उतरू नये असं सगळ्या म्हणाल्या, पण घरात बसून झोळीच्या रिकाम्या दोराकडं बघण्यापेक्षा चिखल बरा होता.

अशात माझ्या नणंदेला मारुंजीचं स्थळ आलं. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, सावळी, हसरी पोर. आधीच्या स्थळांनी रंगावरून नाकारलेली. हा मुलगा कारखान्यात कायम झालेला होता आणि त्याला तेवढ्याच आठवड्यात सुटी होती, म्हणून पाऊस असून बघायला येणार होते. तिनं त्याला एका लग्नात पाहिलं होतं. ती पंगतीत वाढत असताना त्यानं तिच्याकडं पाणी मागितलं होतं, एवढंच काय ते. पण मला एकटीला म्हणाली, "वहिनी, हे जमलं न्हाई तर मला पुन्हा कुनाम्होरं बसवू नका." मी माझ्या दुःखात होते तरी मला मनापासून वाटत होतं की हिचं तरी व्हावं.

आम्ही बौद्ध. पत्रिका, मुहूर्त, शकुन-अपशकुन सगळं आमच्या थोरल्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. तरी सासूबाईंना भीती वाटली. त्यांना मी आत्या म्हणायची. आदल्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "बाळाचं काढायचं न्हाई हां. नवं घर जोडतोय, पयल्याच पावलाला मरणाचं कशाला? बोलणी पक्की झाली की आपनच सांगू." मला ते पटलं. मीच झोळीचा दोर सोडला, दुपटी पेटीत तळाशी घातली आणि पाहुणे येतील तेव्हा मागच्या पडवीत थांबायचं कबूल केलं. पावसात कोणी कोणाकडं जात नव्हतं, त्यांच्या कानावर काही गेलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेतावर गेल्यावर आत्यांनी नणंदेची गुलाबी वॉयलची साडी काढली. पेटीत ओल धरून तिच्यावर बुरशीचे ठिपके पडले होते. त्यांनी ती रिठ्याच्या पाण्यात चोळली, पिळली आणि डालग्यावर पसरली. निरगुडी आणायला बांधावर जायला वेळ नव्हता. कोनाड्यात माझ्या बाळंतपणाची पुडी होती, ओवा-शोपांची, बरीचशी उरलेली. चांगल्या वासाचं आहे, नुसतं पडून आहे, म्हणून त्यांनी ते मूठभर निखाऱ्यावर टाकलं. त्यांना मी दोष देत नाही. आमच्या घराला त्या वासाची इतकी सवय झाली होती की नाकाला तो कळतच नव्हता.

मी दुपारी मागच्या दारानं आले तेव्हा पाहुणे येऊन बसले होते. मुलगा, त्याचा चुलता आणि त्याची आई. नणंद चहा न्यायला आत आली, माझ्याजवळ वाकली, आणि तो वास माझ्या नाकात गेला. मला पान्हा फुटला. दूध आटत आलं होतं, तरी चोळी भिजली. मी तिचा पदर धरला. "ही साडी सोड, दुसरी नेस."

"दुसरी कुटं हाय?" ती म्हणाली. "आन् वास किती ग्वाड येतोय." आणि कपबशा घेऊन बाहेर गेली.

मी पडवीच्या दाराआड उभी राहिले. मुलाच्या आईनं चहा घेतला, तिला जवळ बसवलं, शिक्षण विचारलं. मग तिच्या खांद्यावरचा पदर सारखा करता करता तिचा हात थांबला.

"घरात बाळंतीण कोन हाय?" तिनं अगदी सहज विचारलं.

आत्यांनी आदल्या दिवशी जे घोकलं होतं तेच तोंडातून निघालं. "कोन न्हाई."

"कोनच न्हाई?"

"न्हाई."

त्या बाईनं माझ्या नणंदेच्या तोंडाकडं पाहिलं आणि नंतर पोटाकडं पाहिलं. पोरीला काय चाललंय ते कळलं नव्हतं, ती आपली खाली मान घालून बसलेली. मला राहवलं नाही. मी होते तशी, चिखलाच्या पायांनी आणि ओल्या चोळीनं, बाहेर गेले.

"मी हाय बाळंतीण," मी म्हणाले.

"आन् बाळ?"

"गेलं."

ती बाई वाईट नव्हती. तिनं मला बसायला सांगितलं. पण मग आत्यांकडं वळून म्हणाली, "मग न्हाई का म्हनला?" आत्या नुसत्या हाताची बोटं मोडत राहिल्या. पाहुण्यांनी चहा संपवला, कळवतो म्हणाले आणि पावसातच निघून गेले. जाताना मुलानं एकदा वळून पाहिलं. नणंद त्याच्यावर चार दिवस जगली.

निरोप आला तो नकाराचाच. पुढं दुसरं स्थळ आलं, त्यांनी येतो म्हणून कळवलं आणि आलेच नाहीत. तिसरं ठरत ठरत फिरलं. का, ते आम्हाला एका लग्नात कळलं, तेही पाठमोऱ्या बसलेल्या बायकांच्या बोलण्यातून. बाळ त्या घरच्या लेकीचंच होतं म्हणे. साडीला वास येत होता. भावजय शहाणी, तिनं ते आपल्या अंगावर घेतलं. मालेतल्या बायकांना खरं ठाऊक होतं, मी पोट घेऊन त्यांच्याबरोबरच पाण्याला जात होते. पण सोयरीक मालेत थोडीच करायची होती.

मला त्या बायकांच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. माझ्या लेकीला नाव नव्हतं, तिचा फोटो नव्हता. ती माझी होती एवढीच एक गोष्ट मागं राहिली होती. ती लोकांनी उचलली आणि दुसरीच्या ओटीत घातली. आणि त्या दुसरीचं काय झालं? नणंद माझ्या शेजारीच बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, "वहिनी, तुझी लेक माझ्या नावावर लागली गं." मी तिला जवळ घेतलं.

शेवटी तिला घाटाखालच्या एका बिजवराला दिली. तिच्या दुप्पट वयाचा, दोन पोरांचा बाप. त्यांच्याकडून कोणी बघायलाही आलं नाही, बोलणी परस्पर झाली. निघताना तिनं ती गुलाबी साडी माझ्या हातात दिली. "ही धू नगंस," म्हणाली. तिनं ती त्या दिवसानंतर नेसली नव्हती.

मी ती पेटीत दुपट्यांवर ठेवली. पावसाळ्यात पेटी उघडायची, साडी नाकाशी धरायची, पुन्हा ठेवायची. वास दर वर्षी कमी होत गेला. एका पावसाळ्यात तिच्यावर पुन्हा बुरशी चढली, ठिपके नव्हेत, चांगली सगळ्या घडीवर. धुवावीच लागली. रिठ्यात चोळली आणि डालग्यावर पसरली. घरात ओवा होता, शोपाही होत्या. मी हातात घेतल्या आणि परत डब्यात टाकल्या. त्या धुरीचा वास साडीला आला असता, पण तो माझ्या लेकीचा नसता.

सुनेला मी एवढंच सांगितलं, की आम्ही निरगुडीचा पाला टाकायचो.