भारत आला तर पुन्हा फेक

आमच्या ग्रुपचा एक प्लास्टिकचा बॉल आहे. तोंडानं हवा भरायची, वर सगळ्या जगाचा नकाशा छापलेला. शनिवारी कॉलेज सुटलं की आम्ही सगळे ताईच्या खोलीवर जमतो. ताई बॉल फेकते, झेलणाऱ्याचा अंगठा ज्या देशावर, तिथं कॉलेजच्या पोरापोरींमध्ये प्रभूची सेवा करणाऱ्यांसाठी त्यानं प्रार्थना करायची. नाव-गाव काहीच माहीत नसते. तरी मागतो, की प्रभू, त्याला एकटं वाटू देऊ नको, कोणी तरी त्याला जेवायला बोलावू दे. समुद्र आला तर पुन्हा फेक. अन् भारत आला तरी पुन्हा फेक! हा नियम आमचाच. आपल्यासाठी तर रोजच करतो ना यार, म्हणून.

ताई म्हणजे आमच्या गोंदियातली सेविका, पूर्ण वेळ आम्हा कॉलेजच्या पोरांमध्येच काम करते. ती फक्त फेकायची. झेलायची कधीच नाही.

मागच्या आठवड्यात देवरीच्या होस्टेलवरच्या पोरींना भेटून आली अन् तापानं पडली. फोनवर म्हणे, "थकली ग, दुसरं काही नाही." आम्ही मानलं पण! मलेरिया डोक्यात चढला, घरमालकिणीनं दार तोडायला लावलं तेव्हा कळलं. आता आयसीयूत आहे, कोणालाच ओळखत नाही. डॉक्टर म्हणाले, "आज काही सांगता येत नाही." बस, एवढंच.

आज शनिवार. आम्ही दवाखान्याच्या जिन्याखाली बसून आहोत. प्रार्थना सुरू कशी करायची तेच सुचत नव्हतं, सुरुवात नेहमी ताईच करते. माझ्या एका मैत्रिणीनं बॅगेतून बॉल काढला, फुगवला, फेकला. मी झेलला. भारत. अन् माझ्या तोंडातून निघून गेलं, "भारत आला, पुन्हा फेक."

बाजूला ताईचे बाबा बसले होते. देवरीकडच्या जंगलातल्या गावाहून सकाळच्या बसनं आलेले. त्यांचे देव वेगळे, आमच्या प्रार्थनेला कधी आले नाहीत.

"काय लावलं बे हे? माही पोरगी तिकडं मरून राहिली अन् तुम्ही चेंडू खेळून राहिले?"

"खेळ नाही जी बाबा," मैत्रीण रडतच बोलली. "ज्या देशावर अंगठा येते, तिथल्या सेवकांसाठी मागतो आम्ही. ताईसारख्या लोकांसाठी."

"मंग आता कोठी आला?"

"भारतावर."

"मंग परत कायले फेकून राहिले?"

न पाहिलेल्या माणसांच्या एकटेपणासाठी आम्ही ढसाढसा रडलो होतो, अन् ताई इथं बंद खोलीत एकटी तापत पडली होती.

बाबांनी बॉल ओढून घेतला. "आमचं गाव कोठी हाये याच्यावर?"

गाव कुठलं, गोंदिया पण नाही त्याच्यावर. मी अंदाजानं बोट ठेवलं. त्यांनी ते बाजूला सारून तिथं आपला अंगठा दाबला, असा की बॉल चेपला.

"मले तुमच्यासारखं मागता येत नाही. मी धरून ठेवतो. तुम्ही मागा."

तेव्हापासून मागूनच राहिलो. मोठे शब्द सगळे संपले. प्रभू, तिला ठेव. प्रभू, तिला ठेव. आयसीयूचं दार काही उघडत नाही. माझा गळा बसला म्हणून मी हे टाइप करून राहिली, बाकीचे मागून राहिले. बाबांचा अंगठा तिथंच आहे.

मघाशी त्यांनी हळूच विचारलं, "काढू का आता?"

"नको बाबा," मी म्हटलं. "अजून नको."