साताची चाल

आमच्या बेंजो पार्टीची एक चाल होती. तिला नाव नव्हतं. लोक तिला 'पूर्णेची चाल' म्हणायचे. ऐंशीनंतरच्या दोन-तीन लग्नसरायांत ती जिंतूरपासून राणीसावरगावपर्यंत वाजली. आम्हाला कधी न पाहिलेल्या पार्ट्यांनी ती वाजवली, बायकांनी तिच्यावर आपापले शब्द बसवले. माझ्या गावची माणसं अजून विचारतात, ती चाल तू केलीस ना? मी नाही म्हणतो, पण इतक्या हळू म्हणतो की त्यांना तो विनय वाटतो. हे बरं नाही. म्हणून ती कशी झाली ते सांगतो.

चाल मास्तरांची. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते पूर्णा जंक्शनच्या लोकोशेडमध्ये खलाशी होते आणि ड्यूटी सुटली की बेंजो वाजवायचे. टाइपरायटरसारखी बटणं असलेला तो तारांचा बेंजो त्यांनी इतक्यांदा उघडून बसवला होता, की त्यात मूळचं काय उरलं होतं कोण जाणे. ढोलावर त्यांचा मेहुणा, ताशावर मेहुण्याचा दोस्त आणि खुळखुळ्यावर मी. हातगाड्यावर बॅटरी आणि भोंगा. एवढीच पार्टी.

मी त्यांच्यातला नव्हतो. ती सगळी विहारामागच्या वस्तीतली बौद्ध मंडळी, मी ताडकळसकडच्या शेतकरी घरातला, कॉलेजसाठी पूर्णेत खोली करून राहिलेला. त्यांच्या तालमीचा आवाज खोलीत यायचा. एक दिवस दारात जाऊन उभा राहिलो आणि मास्तरांनी काही न विचारता हातात खुळखुळा दिला. मेहुणा मला 'पाटील' म्हणायचा. आम्ही पाटील नव्हतो, पण त्याला त्यात मजा यायची. "पाटील, जरा सरका. पाटील, चहा सांगा." घरी मी शिकवणीला जातो असं सांगितलं होतं.

ती नामांतराची वर्षं होती. माझ्या गावातल्या बौद्ध वस्तीवर जे झालं तेव्हा माझी माणसं ओट्यावर उभी राहून बघत होती, आणि मीही त्यांच्यात होतो. पार्टीत मला कुणी त्याबद्दल कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटायचं. बाहेरगावच्या सुपाऱ्या मास्तर घ्यायचे, पण अट एकच असायची: दिवस मावळायच्या आत आमी पूर्णेत. वरात असली तरी ती उन्हात काढा.

आता चालीबद्दल. एका रविवारी मास्तरांनी नवीन काहीतरी वाजवलं. ऐकायला गोड होतं, पण ढोल बसेना. मेहुण्यानं दोन-तीनदा धरलं, सोडलं, मग टिपरू खाली ठेवलं.

"दाजी, तुमी एक मात्रा खायलाय."

"कुठं?"

"शेवटी. सातावर संपवायलाय. आठवी कुठं गेली?"

मास्तरांनी पुन्हा वाजवून पाहिलं. खरंच सात होत्या. त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं. मग त्यांनी शेवटचा सूर लांबवून आठ केल्या. ढोल लगेच बसला, आणि चाल मेली. ती इतर शंभर चालींसारखी झाली. पुन्हा सातात आणली की ती पळायची. श्वास घेऊन होत नाही तोवर पुढची फेरी सुरू व्हायची, जणू मागून कुणी पाठीवर हात ठेवून हलकेच ढकलतंय.

"सातातच राहू दे," मास्तर म्हणाले.

"माणसाला पाय दोन हायेत, दाजी. सात पायाचं जनावर कुठं बघितलंय का तुमी?"

जाणकार म्हणतील, हा तर रूपक ताल. असेल. भजनात आम्हीही सातांचा ठेका ऐकला होता. पण तिथं माणसं बसलेली असतात. वरात चालते, आणि चालता चालता नाचते.

वस्तीतल्याच एका हळदीला मास्तरांनी ती वाजवून पाहिली. नाचणारी पोरं दोन फेऱ्यांत एकमेकांवर आदळली, मग थांबून आमच्याकडं बघत उभी राहिली. बाजेवरचे एक म्हातारबाबा मोठ्यानं म्हणाले, "बिघडलं का रे मशीन?" सगळे हसले. मास्तरांनी हसत हसत सिनेमाची चाल धरली. पण बेंजो गुंडाळताना टॉवेलाची गाठ त्यांनी दोनदा सोडून बांधली.

मेहुणा मात्र बोलला, आणि हसून नव्हे. परभणीची एक मोठी बँड पार्टी त्याला बोलवत होती. लाल कोट, पितळी बटणं, सालभर काम. त्यानं आजवर टाळलं होतं. आता म्हणाला, "दाजी, लोक नाचले तर पार्टी. लोक उभे राहिले तर काय करायचं? ताडकळसच्या लग्नाची सुपारी घेतलीय ती वाजवतो, अन् तिथंबी ही चाल बसली न्हाई तर मी चाललो."

"ही चाल वाजवूच नये म्हणतोस?"

"वाजवा की. पण सिनेमाचंच वाजवायचं असंल तर कोट घालून वाजवतो ना मी."

त्याचं खोटं नव्हतं. आमच्याकडं आमचं म्हणावं असं काहीच नव्हतं, आणि तेच मास्तरांना खुपत होतं. मेहुणा गेला असता तर पार्टी संपली असती. त्याच्यासारखा ढोल पूर्णेत दुसरा नव्हता. हे मास्तरांना माहीत होतं, त्यांच्या बायकोला माहीत होतं. त्या दिवसांत ती भावाला चहा देताना कप जरा जोरातच ठेवायची.

मग तालमी सुरू झाल्या. यात माझा भाग सांगतो, तो ऐकून हसू येईल. मला सात येत नव्हत्या. मास्तर बोटांवर मोजून दाखवायचे, मी मान हलवायचो, आणि वाजवायला लागलो की हात आपल्याच नादात एक-दोन, एक-दोन करत सुटायचा. फेरी कुठं संपते, कुठं सुरू होते, कळायचंच नाही.

"पाटील," मेहुणा ओरडला, "तुमचं औत कुठं चाललंय? शेताचा धुरा ओलांडला तुमी!"

मी खुळखुळा थांबवला. कान गरम झाले होते.

"थांबू नको," मास्तर म्हणाले. ते माझ्याकडं बघत नव्हते, जमिनीकडं बघत होते. "तसंच चालू दे. चुकीचंच वाजव."

"दाजी, त्याला येईना म्हणून काय..."

"तू तुझ्या सात वाजव. त्याच्याकडं ध्यान देऊ नको."

मी एक-दोन, एक-दोन करत राहिलो. मेहुण्यानं तोंड वाकडं करून सातांचा ढोल धरला. मास्तर उठले आणि माझ्या खुळखुळ्याच्या नादावर खोलीत चालायला लागले. उजवा, डावा, उजवा, डावा. ढोलाचा मोठा ठोका पहिल्या फेरीला त्यांच्या उजव्या पायावर पडला. पुढच्या फेरीला डाव्यावर. मग पुन्हा उजव्यावर. सात ही विषम संख्या, त्यामुळे दर फेरीला पाय बदलत होता. पायाला काही करावं लागत नव्हतं. तो आपला चालत होता, आणि जोर आपोआप एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जात होता.

मास्तरांचा उजवा खांदा उतरला. मग डावा. त्यांचं त्यांनाच हसू आलं.

"अरे, हे तर नाचायलंय!"

मेहुण्यानं वाजवता वाजवता मान वर केली. काही क्षण तो मास्तरांच्या पायांकडं बघत राहिला. मग ढोल तसाच गळ्यात ठेवून तोही चालायला लागला.

त्यांच्या जागी दुसरा कुणी असता, तर ज्याला ठेका येत नाही त्याला त्यानं काढून टाकलं असतं. मास्तरांनी माझ्या न येण्यातून वाट काढली. माणसानं हे कुठून शिकावं, मला अजून कळलेलं नाही. मी पुढं बऱ्याच हुशार लोकांबरोबर नोकरी केली. त्यांच्यात दुसऱ्याची चूक इतक्या शांतपणे ऐकून घेणारा कुणी भेटला नाही, आणि मीही तसा झालो नाही.

पण नुसत्या त्या युक्तीनं चाल झाली नसती. पुढचं काम मेहुण्याचं. तो हट्टी होता, आणि एकदा पटलं की त्याहून हट्टी. साताचे त्यानं तीन आणि चार असे तुकडे केले. मोठा ठोका पहिल्यावर आणि एक बारका, कोरडा ठोका चौथ्यावर. सातवी मात्रा त्यानं रिकामी सोडली. "तिथं लोकांचा पाय वाजू दे," तो म्हणाला. ताशाला त्यानं एक फेरी गप्प बसवलं आणि एक फेरी मोकळं सोडलं, म्हणजे डावीकडचा झोल उजवीकडच्यापेक्षा वेगळा लागे. दोस्त कुरकुरला, "मी काय अर्धं लग्न वाजवू का?" मेहुणा म्हणाला, "जेवण पुरं मिळंल."

मास्तरांचं एकच सांगणं होतं. लोकांना कळू द्यायचं नाही. आधी फक्त खुळखुळा. पायांना तो लागला की ढोल. ढोलाची सवय झाली की मग बेंजो. हळदीला आम्ही उलटं केलं होतं, सगळं एकदम अंगावर टाकलं होतं.

ताडकळसला वरात सकाळी उन्हं तापायच्या आत निघाली. नवरदेव विहाराकडं निघाला होता आणि आम्ही पुढं. माझं गाव तिथून फार लांब नव्हतं. आठवडी बाजाराचा दिवस, गर्दीत ओळखीचं कुणी दिसेल म्हणून मी टोपी कपाळावर ओढली होती. पार्टीत मी एकटाच तोंड लपवत होतो. मास्तरांनी ते पाहिलं आणि माझ्याकडं बघून मान हलवली. कर सुरू.

मी खुळखुळा वाजवायला लागलो. नुसता एक-दोन, एक-दोन. भर बाजारात एकट्या खुळखुळ्याचा आवाज किती पोरका वाटतो, ते ज्यानं वाजवलाय त्यालाच ठाऊक. वऱ्हाडातल्या एका पोरानं विचारलं, "बाकीचे जेवायला गेले का?"

मग ढोल आला. मेहुणा लोकांच्या तोंडाकडं बघत नव्हता, पायांकडं बघत होता. पुढची चार पोरं अडखळली. एक तर थांबलाच. मेहुण्याचे ओठ घट्ट झाले, पण हात ढळला नाही. बेंजो सुरू झाला तरी लोक नुसते चालतच होते.

ठेका आधी नवरदेवाच्या मावशीला लागला. चांगली जाडजूड बाई, डोक्यावरचा पदर दातात धरून चालत होती. तिचा उजवा खांदा खाली गेला. पुढच्या फेरीला डावा. तिचं तिला कळलंही नसावं. शेजारच्या बाईनं बघितलं आणि तीही तशीच झुलली. मग मागची रांग. पोरांनी बायकांकडं बघून पकडलं. बघता बघता सगळी वरात शेतातल्या पिकासारखी इकडून तिकडं व्हायला लागली, आणि रिकाम्या सातव्या मात्रेवर सगळ्यांचे पाय एकदम धप्पकन वाजले.

मेहुण्यानं मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनी डोळे मिटले होते.

चौकात वरात अडली ती हलेना. बाजारातली माणसं पाट्या तशाच टाकून बघायला आली. मावशीनं सुरावर शब्द बसवले, नवरीच्या भावाला चिडवणारे. लग्न लावणारे वडीलधारे विहारातून दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, "आरं, नवरदेवाला आत येऊ द्यायचंय का न्हाई?" मावशी घामानं भिजून म्हणाली, "थांबा हो, नवरदेव कुठं पळून चाललाय? आणखी एकदा, मास्तर!"

जेवणं झाली, आणि ठरल्याप्रमाणे ऊन असतानाच आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून निघालो. हातगाडाही ट्रॉलीत चढवला होता. मास्तर बेंजोवर टॉवेल गुंडाळून बसले होते. लाल कोटाचं त्यांनी विचारलं नाही. मला ते विचारावंसं वाटत होतं, पण तो माझा अधिकार नव्हता.

अर्ध्या वाटेत मेहुणा एकदम म्हणाला, "दाजी, तिसऱ्या कडव्याला तुमी पळालात."

"मी? मी कशाला पळतो?"

"पळालात. मावशी दमली, तिला बघून तुमाला चेव आला. मला तुमच्या मागं फरफटत यावं लागलं."

"तुझाच ढोल जड झाला होता."

"जड? पाटील, तुमी सांगा. कोण पळालं?"

मी मास्तरांकडं पाहिलं. ते हसू दाबत होते. म्हणालो, "मास्तर पळाले."

"बघा! ज्याला सात मोजता येत न्हाई त्यालाबी कळलं." मेहुणा ढोलावर हात आपटून म्हणाला, "अन् तो शेवट. शेवट असा मधीच तोडायचा न्हाई. लोकांचा एक पाय वर राहायलाय. उद्या ड्यूटी सुटली की सीधे तालमीला या. घरी चहा पीत बसू नका."

"येतो," मास्तर म्हणाले. पूर्णेचं फाटक येईपर्यंत ते दोघं त्या शेवटावरून भांडत राहिले.