मित्राला झालंय!

कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलजवळच्या आमच्या गुप्तरोग क्लिनिकमध्ये मी समुपदेशक होते. तेव्हा मिस्ड कॉलचा जमाना होता. तिथले किस्से इतके साठलेत की चार बायका जमल्या की मला गप्प बसवत नाही. मुख्य म्हणजे, आमच्याकडे आजारी कुणीच नसायचं. आजारी असायचा तो मित्र!

एकदा लोखंड बाजारातला एकजण म्हणाला, "मित्राला लघवीला जळजळ होते, पू येतो."

डॉक्टर म्हणाले, "मित्राला घेऊन या."

पठ्ठ्याने दुसऱ्या दिवशी खरंच एक मित्र आणला! नाटक पुढे न्यायला दोघांचीही तपासणी केली. परमा दोघांनाही निघाला!

ड्रायव्हर मंडळींचा सगळा राग टर्मिनलच्या संडासावर. "मॅडम, तिथूनच लागण झाली!" शेवटी डॉक्टर वैतागले. "त्या संडासालाच घेऊन या, त्याला गोळी देतो!"

आमच्या नर्स नीराताई करंजाच्या कोळीण. त्यांच्या गावचा एक नाखवा महिनाभर सब्जाचं पाणी पीत बसला होता. "जलजल थांबली, आता औषद कशाला?"

नीराताई कडाडल्या, "होडीला भोक हाय, पन पानी दिसत नाय, म्हनून दर्यात जाशील?"

नाखव्याने मुकाट गोळ्या घेतल्या.

आणि कोन गावचा रघुनाथ! यालाही अर्थात मित्रासाठीच औषध हवं होतं. डॉक्टरांनी समजावलं, "पुरुषाला जळजळ होते, बाईला बरेचदा काहीच कळत नाही. पण आत गर्भनलिका बंद होतात, मूल होत नाही. बायकोलाही औषध हवंच."

रघुनाथचा चेहरा पडला. "मित्राच्या लग्नाला चार वर्षं झाली हो. मूल पाहिजे त्याला." मला फार वाईट वाटलं. त्याने स्वतःच्या गोळ्या आमच्यासमोर घेतल्या, चव बघतो म्हणून! बायकोचं पाकीट खिशात घातलं.

दोन दिवसांनी त्याची बायको सुमन तेच रिकामं पाकीट घेऊन हजर. मागे रघुनाथ, पोट धरून.

"चार वर्सांत यानं कदी कप धुतला नाय. परवा चाय करून आनली! मना संशय आला. हा वलला तसा मी कपच बदलला!"

"मग?"

"तोंड वाकडं करून सगला प्याला. एक शबुद बोलला नाय!"

आमच्याकडे एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा नियम. डॉक्टर छताकडे बघू लागले. नीराताई खिडकीबाहेर.

सुमनने विचारलं, "हे कुनाचं औषद?"

"मित्राच्या बायकोचं," रघुनाथ पुटपुटला. "नाय घेतलं, तर तिला पोर व्हनार नाय."

सुमनने रिकामं पाकीट त्याच्या हातात कोंबलं. मग डॉक्टरांपुढे हात पसरला.

"द्या तिच्या गोल्या. मी पोचवते."

आणि टेबलावरची माझी पाण्याची बाटली उचलून तिथेच गिळल्या.