सर्वांसमोर विचारलेली खूण

भगिनींनो, जुनी वस्तू घेताना विकणाऱ्याचे नाव-गाव मी विचारले नाही, तुमच्याकडून तशी चूक होऊ नये म्हणून हा कागद घरोघर फिरवत आहे.

बालवर्गासाठी मी कामशेतच्या बाजारातून खिळे-गोळ्यांच्या खेळाचा पाट घेतला होता; गोळी सोडायची, ती खिळ्यांतून ज्या आकड्याच्या घरात पडेल तेवढे गुण. आज तिकोणा पेठेचे गेनूआबा आले, तेव्हा दारात गावची माणसेही जमली. जत्रेत पैसे लावून हा खेळ खेळवून ते पोट भरतात.

"बाई, पाट माजा हाय. चोरीला गेलता."

"खूण सांगा," मी सर्वांसमोर म्हटले.

त्यांनी दारातल्या माणसांकडे एकदा पाहिले. "शंभराच्या घराम्होरला खिळा मीच वाकवलाय. गोळी तितं जातच न्हाई."

दारातून कोणी म्हणाले, "म्हंजी इतकी वर्सं आमाला लुटलं व्हय, आबा?"

खूण बरोबर निघाली. आता त्यांच्या पाटावर कोण खेळेल? मी त्यांना आत नेऊन विचारायला हवे होते.

परत दिले: पाट एक, गोळ्या दहा. गेनूआबांचा अंगठा घेतला.