नव्या मशीनला नारळ

माझे मिस्टर उमरीच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. नवा सिनेमा मुदखेडच्या स्टेशनावर उतरायचा. रिळांच्या पेट्या हे स्वतः जाऊन आणायचे आणि पहिल्या खेळाआधी केबिनमध्ये त्यांची पूजा व्हायची. हळदीकुंकवाचं ताट मी न्यायची. मालक नारळ फोडून पाणी पेट्यांवर शिंपडायचे. पत्र्याच्या पेट्या त्या, त्यांना पाण्याचं काय वावडं! आमच्या शाळेतल्या बाया मला चिडवायच्या, 'बाईंचा नवरा सिनेमात आहे.' मी खुशाल चिडवू द्यायची.

मग नवं डिजिटल मशीन आलं आणि रिळं गेली. आता सिनेमा उपग्रहावरून, आभाळातून येणार, आणि तो कधी उघडायचा ते दूर शहरातली कंपनी ठरवणार. मशीन बसवायला आलेला पोरगेला इंजिनिअर जाताना बजावून गेला, "आतल्या कशाला हात लावू नका. आम्हाला तिकडं सगळं दिसतं." ह्यांनी मान डोलावली, पण त्या दिवसापासून ह्यांच्या घशाखाली घास उतरेना. "ऑपरेटरचं काम उरलंच कुठं?" एवढंच म्हणायचे. मला तर त्या मशीनची सरळसरळ भीती वाटायची. माणूस नसताना ते केबिनमध्ये एकटंच घुमत असायचं.

पहिल्या खेळाला मालक हट्टाला पेटले. "पूजा केल्याबिगर खेळ कसा लावायचा?" मी ताट घेऊन गेले. मालकांनी नारळ फोडला तसे हे पुढं झाले.

"मालक, पाणी नका शिंपडू. लई नाजूक मामला हाय."

"आजवर कवा नड आली का रे?" म्हणत मालकांनी ओंजळभर पाणी मशीनवर शिंपडलं. ते जाळीतून आत गेलं.

ह्यांनी झटकन वीज बंद केली, स्क्रू काढले, झाकण उघडलं आणि खांद्यावरच्या टॉवेलानं आतला थेंब न् थेंब टिपला. जुनं मशीन ह्यांनी आयुष्यभर असंच उघडून पुसलं होतं. कितीतरी दिवसांनी ह्यांचा चेहरा खुलला होता. झाकण लावून मशीन चालू केलं, तर तांबडा दिवा लागला आणि इंग्रजीत ओळ उमटली. मीच वाचून सांगितली. आतलं झाकण उघडलं म्हणून मशीननं स्वतःला कुलूप लावून घेतलं होतं.

खाली पब्लिक शिट्ट्या मारत होतं. आम्ही कुणालाच कळवलं नव्हतं, तरी मालकांचा फोन वाजला. फोन कंपनीचा होता, मालकांनी तो स्पीकरवर घेतला.

"मशीन कुणी उघडलं?" पलीकडचा आवाज अगदी मऊ होता. "तुमच्या ऑपरेटरनं असेल तर मशीन परत न्यावं लागेल."

मालकांनी ओला हात पँटला पुसला. पाण्याचं नाव काढलं नाही. "न्हाई साहेब, आमच्याकडं ऑपरेटरच न्हाई. बाहेरचा माणूस घुसला व्हता."

हे समोरच उभे होते, हातात स्क्रू ड्रायव्हर. माझ्या ओठांवर शिवी आली होती, पण ह्यांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीनं तिकडूनच कुलूप काढलं आणि खेळ लागला. हे डबा घेऊन रोजच्यासारखे गेले. आमच्या घरी कितीदा जेवून गेलेला गेटकीपर दारात आडवा आला. ह्यांच्याकडं न बघताच म्हणाला, "मालकानं सांगितलंय, तिकीट काढून या."