हौशीरामभाऊंनी वाचलेले आकडे

हौशीरामभाऊ औंढ्याचे. लोणावळ्याजवळ रेल्वेत चावीवाले होते. रोज ठरलेल्या पल्ल्यातला रूळ चालत तपासायचा आणि रूळ जागेवर धरणाऱ्या, सैल झालेल्या लोखंडी चाव्या हातोड्यानं ठोकून बसवायच्या, हे त्यांचं काम. "काल घट्ट व्हती म्हनून आजबी घट्टच आसंल, कशावरून?" हा सवाल ते रुळापुरता ठेवत नसत. पंचांग, पिंपळावरचं भूत, पुढाऱ्याचं भाषण, सगळ्यांना तोच. छप्पन्न साली त्यांच्या घरानं बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हा तिथंही "हे बी तपासूनच घ्यायचं" म्हणून त्यांनी वाद घातला होता. शिक्षण चौथीपर्यंत. दर रविवारी लोणावळ्यातल्या आमच्या घरची जुनी वर्तमानपत्रं न्यायला येत आणि पायरीवर बसूनच वाचत. सासूबाई त्यांना आत बोलावत नसत.

१९६३च्या मार्चमध्ये माझ्या पाच वर्षांच्या शालनला गोवर आला. आमच्या घरी गोवर म्हणजे देवी पाहुणी आलेली. सात दिवस घरात फोडणी नाही, उशाशी निंबाचा पाला, आणि डॉक्टरचा हात लागू द्यायचा नाही. यजमान बदलीवर भुसावळला. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी शिकवल्याप्रमाणे मी घड्याळ समोर ठेवून रोज तिचे मिनिटाचे श्वास मोजत होते आणि डायरीत लिहीत होते.

पाचवा दिवस रविवार. भाऊंनी विचारलं, "पोर कशी हाय?" मी डायरीच पुढे केली.

त्यांनी मोठ्यानं वाचलं. "बुधवारी अठ्ठावीस. शुक्रवारी चाळीस. आज छप्पन्न." मग माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, लिवलंत झ्याक. पन वाचलंत का?"

सासूबाई दारात आल्या. "रूळ ठोकून झाले, आता देवीला ठोकायला निघालास होय रे?"

"न्हाई मावशी, फकस्त इचारतो. देवी परत जायला निघाली म्हंजी श्वास कमी व्हतो का वाढतो?"

"कमी होतो. एवढंही कळत नाही?"

"मग हितं दुपटीनं वाढलाय. तुमच्याच सुनंनं मोजलंय."

सासूबाईंनी शालनच्या छातीवर हात ठेवला. बराच वेळ. "माझी सून आकडा चुकायची नाही," एवढंच म्हणाल्या. शालनला गोधडीत गुंडाळून त्यांनी स्वतः भाऊंच्या हातात दिलं. "पण पाला बरोबर जाईल."

"जाऊ द्या की. पाल्याशी माजं भांडान न्हाई."

दवाखान्यापर्यंत भाऊ जवळजवळ धावत गेले, मागून मी. न्यूमोनिया निघाला. नऊ दिवस पेनिसिलिनची इंजेक्शनं झाली आणि शालन उठून बसली.

मी आभार मानायला औंढ्याला गेले, तर भाऊ म्हणाले, "मी आलो न्हाई आस्तो तर तुमी गेलाच नसता, कशावरून? एका पोरीवरनं काय ठरत न्हाई, वहिनी."

ते आता नाहीत. त्यांची बहुतेक मतं मी मानत आले. हे एक सोडून. त्या रविवारी ते आले नसते, तर मी गेले नसते, हे मला माहीत आहे.