सात म्हटलं की हात

त्या वर्षी उसाला पाणीच नव्हतं, त्यामुळं आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्याचा हंगाम झाला नाही. वडील तिथं टर्बाइनवर होते. त्याआधी सैन्यात, तोफखान्यात. आता दिवसभर घरी.

मी केजच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते, आणि एका मासिकानं मला तीन नव्या पुस्तकांवर लिहायला सांगितलं होतं. एक ध्वनिशास्त्राचं, दुसरं गोंगाटानं कान कसे जातात त्याचं, तिसरं संरक्षण संशोधनाचं. तिन्ही इंग्रजी. मुखपृष्ठावरची तोफ बघून वडिलांनी तिसरं उचललं आणि काय लिहिलंय ते सांग म्हणाले.

त्यात तोफेजवळच्या जवानांसाठी बनवलेल्या कानातल्या बोळ्यांची माहिती होती. स्फोटाचा दणका अडतो, पण शेजारच्याचं बोलणं आत येतं.

"बोळ्याला कसं कळतं, बोलणं कोणतं आन् गोळा कोणता?" वडिलांनी विचारलं.

मी त्यातल्या बारीक भोकाचं काम कागदावर काढून दाखवलं. मग दुसऱ्या पुस्तकातलं सांगायला लागले. गोंगाटानं आधी बारीक, पातळ आवाज जातात. कुणीतरी बोलतंय हे कळतं, शब्द कळत नाहीत. सांगता सांगता मीच थांबले. आठवड्यापूर्वी मायनं स्वयंपाक करता करता त्यांना विचारलं होतं, म्हैस चारा छावणीत लावायची का. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी रिकामा गोठा बघून घर डोक्यावर घेतलं. मला कुणी विचारलंच न्हाई, म्हणाले.

मी त्यांना ओसरीवर भिंतीकडं तोंड करून बसवलं आणि मागून साध्या आवाजात एकेक शब्द म्हटला. 'ढोल', 'माळ' बरोबर आले. 'सात' म्हटलं तर ते 'हात' म्हणाले. पुन्हा म्हटलं, पुन्हा हात. मायचा आवाज बारीक, तिचे तर निम्मेच शब्द कळले. आम्ही चेष्टा करतोय असं त्यांना आधी वाटलं. मग त्यांनाच नाद लागला. लांबून म्हण, जवळून म्हण, कागदावर खुणा कर. तासभर चाललं. शेवटी ते खुर्ची फिरवून माझ्याकडं तोंड करून बसले, आणि जवळजवळ सगळे शब्द बरोबर आले.

"म्हंजे मी ऐकतच नव्हतो," ते म्हणाले. "तोंडं बघत होतो."

टर्बाइनच्या आवाजात सगळे असेच बोलायचे, ओठ आणि हातवारे बघून.

माय दारातच उभी होती. "मला वाटायचं, माझं बोलणंच तुमाला नको झालंय."

ते खुर्ची तिच्याकडं वळवून बसले. मग म्हणाले, "तू गॅसकडं तोंड करून बोलतीस."

अंबाजोगाईला कानाच्या डॉक्टरांनी तपासणीचा आलेख दाखवला. रेघ सरळ जाऊन एका जागी खड्ड्यात उतरली होती. यात तोफेचं किती आणि टर्बाइनचं किती, असं वडिलांनी विचारलं. ते सांगता येत नाही, गेलेलं परतही येत नाही, कानात घालायच्या मशीननं मदत होईल, असं डॉक्टर म्हणाले.

मशीन लावल्यावर पहिला आठवडा त्यांना भांड्यांचा आणि प्लास्टिकच्या पिशव्यांचा लई तरास झाला. तरी जेवताना ते लावायचेच. मायही वळून बोलायला लागली.

पुढच्या साली पाऊस बरा झाला, कारखान्याचा बॉयलर पेटला. वडिलांनी मशीन घरी ठेवलं आणि नारिंगी बोळ्यांची पाकिटं खिशात घालून पाळीला गेले. सोबतचे हसले. वडिलांनी त्यांना बारीक आवाजांचं सगळं समजावलं, माझ्यापेक्षा सोपं करून. महिन्याभरात दोघं बोळे घालायला लागले. तिसरा म्हणाला, आपल्या कानाला आवाजाची सवय हाय. वडील त्याला एवढंच म्हणाले की मीपण असंच म्हणायचो.

एका रविवारी तो बायकोला घेऊन आमच्या घरी आला. चहा झाल्यावर अंबाजोगाईच्या डॉक्टरांचा पत्ता त्यानं नाही, तिनं विचारला.